आमची पश्चिम

लोकांची पश्चिम लंडन-न्यूयॉर्कला असते. आम्हा पाथरीकरांची पश्चिम ढालेगावचा गोदावरीवरचा पूल ओलांडला की दिसायला लागते, माजलगावला चहा पिते आणि नगरला पोचते. नगरच्या पुढं पुणं आहे, पण ते आम्ही परदेशात धरतो. तिथं पोरं जातात, पैसे पाठवतात आणि दोन वर्षांनी येऊन "इथं नेटवर्क कसं नाही" म्हणतात.

हे सगळं आठवायचं कारण आईचा चष्मा. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तिचा नवा नंबर पुण्यातच काढला होता. चष्मा तयार व्हायला आठ दिवस लागणार होते आणि आठ दिवस पुण्यात राहायला आई तयार नव्हती, कारण तिथल्या नळाचं पाणी तिला "लई पातळ" लागत होतं. शेवटी चष्मा माझ्या मुलानं कुरिअरनं पाठवला. तो निघाला, नगरला आला, नगरहून पुढं निघाला आणि पाथर्डीला उतरला. मोबाइलवर हिरव्या अक्षरांत आलं, 'पोहोचवले'.

मी कुरिअरवाल्यांना फोन लावला.

"पार्सल पाथर्डीला गेलंय."

"बरोबर आहे सर. पाथर्डी."

"पाथरी."

"तेच सर."

"तेच नाही. पाथर्डी नगर जिल्ह्यात आहे. पाथरी परभणी जिल्ह्यात. मध्ये अख्खा बीड जिल्हा आडवा पडलाय."

"सर, मग तुम्ही पत्त्यावर तसं लिहायचं ना."

पत्त्यावर तसंच लिहिलं होतं. पण मला त्या पोराचा राग आला नाही. कल्याणहून निघून निर्मलकडं जाणाऱ्या एकाच राष्ट्रीय महामार्गावर आधी पाथर्डी येते आणि मग पाथरी. माणूस एवढा लांबचा प्रवास करून आला, की पहिल्या 'पाथ'लाच उतरावंसं वाटणार. वधूपित्यांचंही असंच होतं. "मुलगा पाथरीचा," म्हटलं की समोरून येतं, "म्हणजे मोहट्यादेवीजवळचं का?" मोहटादेवी पाथर्डीची. आम्ही नाही म्हणतो, तेव्हा स्थळात काहीतरी कमी असल्यासारखं तोंड होतं. जे जरा जास्त शिकलेले असतात ते विचारतात, "पाथरी म्हणजे ती भाजी ना?" रब्बीच्या रानात जमिनीला चिकटून येणारी, कच्चीच भाकरी-ठेच्याबरोबर खायची ती पाथरी. पुण्यात ती आता रानभाज्यांच्या महोत्सवात मिळते म्हणे. मिळणारच. आमच्या नावाची गोष्ट आहे, तिनं पश्चिमेला जाऊन भाव खाल्लाच पाहिजे.

कारण पाथरीचा साधा हिशेब आहे. जन्माला घालायचं इथं आणि मोठं व्हायचं नगर जिल्ह्यात. ही काही मला चष्म्यावरून सुचलेली तक्रार नाही, पाचशे वर्षांची वहिवाट आहे.

पहिला माल बाहेर गेला तो एका कुळकर्ण्याचा मुलगा. फरिश्ता नावाचा इतिहासकार लिहून गेलाय, की पाथरीच्या कुळकर्णी घराण्यातला भैरव नावाचा ब्राह्मण काही कारणानं गाव सोडून विजयनगरकडं गेला. काय कारण, ते फरिश्त्यानं दिलेलं नाही. पण कुळकर्णी आणि गाव या दोन गोष्टी एकत्र ठेवल्या, की कारण मराठी माणसाला सांगावं लागत नाही. त्याचा मुलगा तिमाभट बहमनी फौजेच्या हाती सापडला, मुसलमान झाला, हसन झाला आणि शहजाद्याबरोबर वाढला. बापाचं 'भैरव' हे नाव शहजाद्याच्या जिभेवर बसेना, त्याचं 'बहरी' झालं. पुढं हा मलिक हसन बहरी बीदरच्या दरबारात वजीर होऊन बसला, आणि त्याच्या मुलानं, मलिक अहमदानं, 1490 साली स्वतंत्र होऊन निजामशाही काढली. अहमदनगरातलं 'अहमद' ते हे. सध्या त्या शहराचं नाव अहिल्यानगर झालंय. आमच्या गावच्या पोराच्या नावाची पाटी गेली, याबद्दल पाथरीत कुणी हूं की चूं केलं नाही. हे आमचं पोर होतं हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

खरी मजा पुढं आहे. अहमदाचा मुलगा बुऱ्हाण निजामशहा. सुलतान, तोफा, हत्ती, सगळं आहे. आणि याला ओढ कसली लागली? तर पणजोबांच्या गावाची. पाथरी तेव्हा वऱ्हाडच्या इमादशहाकडं होती. बुऱ्हाणानं निरोप धाडला, 'आमचं मूळ गाव आहे, आम्हाला द्या, बदल्यात जास्त उत्पन्नाचा परगणा घ्या.' इमादशहानं नकार दिला आणि वर पाथरीची तटबंदी पक्की करायला घेतली. आता हा इमादशाहीचा मूळ पुरुषही विजयनगरकडच्या हिंदू घरातलाच, हेही फरिश्ताच सांगतो. म्हणजे दोन्हीकडून हत्ती, उंट, झेंडे आणि फारसी पत्रव्यवहार, पण आत नीट पाहिलं तर वतनावरून चाललेली शुद्ध भाऊबंदकी. 1518 मध्ये बुऱ्हाणानं पाथरी घेतली. इमादशहानं परत घेतली. 1527 मध्ये बुऱ्हाणानं पुन्हा घेतली आणि गाव आपल्या ब्राह्मण नातेवाइकांना इनाम देऊन टाकलं.

मी ही गोष्ट आमच्या तलाठ्यांना सांगितली. त्यांनी कान देऊन ऐकली आणि विचारलं, "फेरफार झाला का पण?"

त्यांचं काही चुकलेलं नाही. एका गावासाठी एवढी वर्षं लढाया होतात, हे आमच्या तालुक्यात बांधावरून दिवाणीत चाललेल्या दाव्यांच्या मानानं उरकतं घेतलेलं काम आहे. अकबराच्या वेळी वऱ्हाड सुभ्यात 'सरकार पाथरी' नावाचं एक सरकारच होतं. आज पाथरीकर साध्या दाखल्यासाठी परभणीला जातो, साहेब दौऱ्यावर आहेत असं ऐकतो आणि परत येतो. बसमध्ये त्याला कुणी सांगत नाही, की बाबा रे, तू एकेकाळी सरकार होतास.

दुसरा माल कोणता, हे आता सगळ्या देशाला ठाऊक आहे. साईबाबा. इथं मात्र सांभाळून लिहावं लागतं, कारण शिर्डीत आमचे व्याही आहेत.

बाबांनी आपलं गाव-जात कुणाला उघड सांगितलं नाही, हे शिर्डीकरांचं म्हणणं. बाबांनी भक्त म्हाळसापतींना आपण पाथरीचे, लहानपणी फकिराच्या हवाली केलेले, असं सांगितल्याचं चरित्रात आलंय, हे आमचं म्हणणं. विश्वास खेर यांनी सत्तरच्या दशकात पाथरीत येऊन शोध घेतला, वैष्णव गल्लीतल्या भुसारी घराण्यापर्यंत ते पोचले, आणि त्याच जुन्या वाड्याच्या जागेवर 1999 मध्ये मंदिर उभं राहिलं. तोवर त्या गल्लीत भर दुपारी कुत्रंसुद्धा तोंड वर करून बघत नव्हतं. आता आंध्र-तेलंगणाच्या गाड्या येतात. त्यातून उतरलेली माणसं पहिल्यांदा मंदिर कुठं ते विचारतात आणि दर्शन झालं की दुसरा प्रश्न विचारतात, "शिर्डी इथून किती लांब?" आम्ही पश्चिमेकडं बोट दाखवतो. याची आम्हाला पिढ्यान्‌पिढ्या सवय आहे.

जानेवारी 2020 मध्ये मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी पाथरीच्या विकासासाठी शंभर कोटींची गोष्ट काढली आणि सोबत 'जन्मभूमी' हा शब्द आला. शंभर कोटींना शिर्डीचा आक्षेप नव्हता, त्या एका शब्दाला होता. 19 जानेवारीला शिर्डी बंद. आम्ही मामूच्या टपरीवर बसून टीव्हीवर बघत होतो. दुसऱ्या गावानं आपल्या गावाच्या नावानं बंद पाळावा, असा योग आमच्या हयातीत कधी आला नव्हता. एरवी बंद आमचाच असतो आणि तो कुणाच्या लक्षातही येत नाही. त्या दिवशी मामूनं टपरी नेहमीपेक्षा तासभर आधी उघडली होती.

"मामू, आज लवकर?"

"उनो बंद करे, तो हमना खोलना पडता ना साब," मामू म्हणाला. "हिसाब बराबर रहना."

मग चॅनेलवाले आले. त्यांच्यातल्या एका मुलीनं आमच्यातल्या सगळ्यात वयस्कर माणसासमोर माइक धरला आणि विचारलं, "बाबा इथेच जन्मले याचा तुमच्याकडे काय पुरावा आहे?" अण्णांनी शांतपणे तंबाखू चोळली. म्हणाले, "पोरी, माझा स्वतःचा जन्मदाखला न्हाई माझ्याकडं. शाळेत मास्तरनं एक जून टाकलाय. तू बाबांचा मागायलीस!" ते काही टीव्हीवर दाखवलं नाही. दुसऱ्या दिवशी मुंबईत बैठक झाली, वाद निवळला, चॅनेलवाले गेले. शंभर कोटींची चर्चा मामूच्या टपरीवर मात्र वर्षभर पुरली, रोज थोडी थोडी खर्च करून.

हे दुखणं एकट्या पाथरीचं नाही म्हणा. आमच्या जिल्ह्यातलंच गंगाखेड हे जनाबाईंचं गाव, पण जनाबाई म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर पंढरपूर येतं. शेजारच्या हिंगोलीतलं नर्सी हे नामदेवांचं जन्मगाव की पंढरपूर, याच्यावरही विद्वान मंडळी अजून हातघाईवर येतात. म्हणजे या पट्ट्यात गोदावरीच्या पाण्याला काहीतरी गुण असावा. संत इथं जन्मतो, पण एस.टी. पकडून जातो.

सगळेच काही गेले नाहीत. एक घराणं इथंच राहिलं. गोदावरीकाठच्या 'पार्थपूर' गावी ज्ञानराज नावाचे ज्योतिषी सोळाव्या शतकात होऊन गेले, आणि हे पार्थपूर म्हणजे पाथरीच, असं अभ्यासक मानतात. म्हणजे एकीकडं बुऱ्हाण आणि इमादशहा गावासाठी भांडत होते आणि त्याच काळात गावात कुणीतरी ग्रहांचं गणित मांडत बसलं होतं. ज्ञानराजांचा मुलगा सूर्यदास. त्यानं भास्कराचार्यांच्या बीजगणितावर टीका लिहिली, 1541 मध्ये लीलावतीवर लिहिली. आणि शिवाय एक असा उद्योग केला की ज्याचं नाव काढलं तरी घाम फुटतो. 'रामकृष्णविलोमकाव्य'. संस्कृत श्लोक, डावीकडून वाचला तर रामाची कथा, तोच श्लोक शेवटाकडून उलटा वाचत आला तर कृष्णाची.

लढाया चालू असताना, तटबंदीचे दगड वाहणारी गाढवं दारावरून जात असताना हा माणूस अक्षरं उलटीसुलटी करत होता. तो पश्चिमेला गेला नाही, पाथरीतच बसला, आणि म्हणूनच आज पाथरीत त्याला कुणी ओळखत नाही. त्याच्या नावाचा चौक नाही, पतसंस्था नाही, एवढंच काय, क्रिकेटची टुर्नामेंटसुद्धा नाही.

मी ही विलोमकाव्याची भानगड टपरीवर सांगितली, तर पुढचा आठवडाभर सगळ्यांना तेच वेड लागलं. जो तो पाट्या उलट्या वाचायला लागला. 'पाथरी' उलटी केली तर 'रीथपा' निघाली. अण्णा म्हणाले, हे एखाद्या गोळीचं नाव वाटतंय, जेवल्यावर घ्यायची. 'नगर'चं 'रगन' झालं. त्याला अर्थ नाही यावर सगळ्यांना आतून बरं वाटलं. मग कॉलेजात जाणारा एक पोरगा मोबाइलमधून डोकं वर काढून म्हणाला, "काका, 'साई' उलटं वाचा."

सा, ई. ई, सा.

कुणी काही बोललं नाही. मामू गाळणी हातात धरून तसाच उभा राहिला. मग म्हणाला, "अब येच बाकी था. चर्चवालों को मत बताओ, नै तो उनो बी आते जन्मस्थान लेकू." सूर्यदासाचा आत्मा असलाच तर तो त्या दिवशी टपरीवर अर्धा कप घेऊन गेला असेल.

खरं तर सगळं गावच असं आहे. या बाजूनं वाचा, त्या बाजूनं वाचा. सुलतानाच्या फौजेला इकडून वाचलं तर लढाई, तिकडून वाचलं तर कुळकर्ण्याचा पणतू मूळ गाव शोधतोय. बाबांना तर कुठल्याही बाजूनं वाचता येतं. आमची बोलीही तशीच. मराठी वाक्य निघतं, मध्ये 'नक्को' म्हणून वळतं आणि उर्दूत जाऊन थांबतं. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत आमचं तोंड पूर्वेला होतं, हैदराबादकडं. तिथला निजाम वेगळा, नगरचा निजाम वेगळा, आणि आमचा दोघांशीही संबंध आला, ही एक जास्तीची कटकट. हैदराबादहून नोकरदार इकडं बदलून यायचे तेव्हा म्हणायचे, 'बनी तो बनी, नहीं तो परभणी.' पुढं गाव मुंबई राज्यात गेलं, महाराष्ट्र झाला, आणि सगळं गाव कुशीवर वळल्यासारखं पश्चिमेकडं तोंड करून झोपलं. माझे वडील झोपताना पाय कधी नगरकडं करत नसत. म्हणायचे, "तिकडून पाणी येतं."

आता आलो मूळ दुखण्यावर. पाणी.

पैठणच्या जायकवाडी धरणाचा डावा कालवा 208 किलोमीटरचा. आमची चार एकर त्याच्या भरवशावर. 1965 मध्ये लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली आणि 1976 मध्ये इंदिराजींनी उद्घाटन केलं. आईला दोन्ही वर्षं तोंडपाठ आहेत, कारण पहिलं तिच्या लग्नाच्या पुढचं आणि दुसरं चारीला पहिल्यांदा पाणी येईल म्हणून वडलांनी दोन दिवस बांधावर मुक्काम केला तेव्हाचं. पण धरण भरायचं तर वरून पाणी यायला हवं, आणि वर कोण? नाशिक आणि नगर. तिथली धरणं आधी भरतात, ऊस आधी पितो, मग आमचा विचार. 2014 च्या आदेशाप्रमाणे जायकवाडीत 15 ऑक्टोबरला 65 टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल तर वरच्यांनी खाली पाणी सोडायचं. दरवर्षी 15 ऑक्टोबर आली की आईची पोथी बंद आणि बातम्या चालू. त्यातही योगायोग बघा, बाबांनी शिर्डीत देह ठेवला ती तारीख 15 ऑक्टोबर 1918. म्हणजे एकाच तारखेला नगरकडं बघून आम्ही दोनदा हात जोडतो.

2023 मध्ये पाऊस कमी होता. 8.6 टीएमसी पाणी सोडायचा आदेश निघाला. नगर-नाशिकनं कोर्ट गाठलं, आंदोलनं झाली. आईला टीएमसी म्हणजे काय ते माहीत नाही, पण तिला 8.6 हा आकडा घरातल्या फोन नंबरासारखा पाठ झाला होता. रोज विचारायची, "निघालं का?" जणू पाहुणे निघालेत. शेवटी नोव्हेंबरात पाणी सुटलं तेव्हा ती म्हणाली, "आपून त्यायला बादशहा दिला, देव दिला. त्यायला पाणी द्यायचं तर वकील लागायला." मी म्हटलं, "आई, बादशहाला पाचशे वर्षं झाली." ती म्हणाली, "मग? उपकार काय नासतेत का?"

तर चष्मा. तिसऱ्या दिवशी एका अनोळखी नंबरावरून फोन आला.

"पाव्हणं, पाथरीचं का तुम्ही? पाथर्डीवरनं बोलतोय. तुमचं पार्सल आमच्याकडं आलंय. नाव आमच्या चुलत्याचं अन् तुमचं सारखंच, म्हणून पोरानं घेतलं. फोडलं तर आत बायामाणसाचा चष्मा. चुलती म्हणली, कुणा म्हातारीचा असंल, ती आंधळी बसली असंल, आधी फोन कर."

मी त्यांचे इतके आभार मानले, की शेवटी तेच अवघडले. कुरिअर नको, म्हणाले, परत कल्याणलाच जायचं. त्यांच्या गावचा एक ड्रायव्हर नांदेडच्या ट्रकवर होता, तो रात्री आमच्यावरूनच जाणार होता. रात्री अकराला मी महामार्गावर पेट्रोल पंपाजवळ उभा राहिलो. पावणेबाराला ट्रक थांबला, वरून एक हात खाली आला, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला चष्मा. पैसे विचारले तर ड्रायव्हर म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. साईबाबांचं गाव ना तुमचं?" आणि गिअर टाकला. नगर जिल्ह्यातल्या माणसानं स्वतःच्या तोंडानं हे कबूल केलं आणि माझ्याजवळ साक्षीला कुणी नव्हतं. पंपावरचा पोरगा होता, पण तो झोपला होता.

घरी आलो तर आई जागी. चष्मा डोळ्यांवर चढवला, भिंतीवरचं कॅलेंडर वाचून पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. "तू लई वाळलास रे," म्हणाली. मग चष्मा काढून पदराला पुसला.

"कुठून आणलास एवढ्या रात्री?"

"नगरकडून आला, आई."

तिनं चष्मा पुन्हा घातला आणि माझ्याकडं नीट बघितलं.

"कोर्टात न जाता?"